पहिलं बाळंतपण माहेरी

२७ एप्रिल २०२१

नेस्ताचं उजवं मनगट मोडलं. मागच्या पायरीवर शेवाळ होतं, मी घासतो घासतो म्हणत घासलं नाही, आणि ती घसरली. म्हणून ही वही माझ्या गळ्यात. आमचं लग्न झाल्यापासून ती रोज कॅफे बंद केल्यावर चार ओळी लिहिते. हवा कशी होती, काय खपलं, आणि शेवटी देवाचे आभार कशाबद्दल. चॅपलमध्ये, म्हणजे इथल्या साध्या चर्चमध्ये वाढलेली बाई, आभार मानल्याशिवाय तिला झोप येत नाही. "हात बरा होईपर्यंत तू लिही, मी वाचणार नाही," म्हणाली. मी म्हटलं, वाचण्यासारखं असणार काय त्यात?

हवा: भुरभुर. कालपासून बाहेर टेबलं मांडायची परवानगी मिळाली. पहिलं गिऱ्हाईक अर्थात इडवाल, माझा शाळेपासूनचा दोस्त. छत्रीखाली टोपी घालून बसला, नेहमीची वाफेवर गरम केलेली मांसाची पाई आणि फेसाळ कॉफी मागवून.

"रेन्झ्या, पाई गार आहे."

"पाई गार नाही, तुझं तोंड गार पडलंय. आणखी वाफ देऊ?"

"दे. आणि कॉफीत फेसच फेस घालू नकोस, खाली थोडी कॉफी पण असू दे."

महामारीत इतके महिने हे ऐकायला मिळालं नव्हतं. आभार: इडवालच्या कटकटीबद्दल.

६ मे

मत देऊन आलो. वेल्सच्या, म्हणजे आमच्या कार्डिफच्या विधानसभेची निवडणूक. शाळेच्या हॉलमध्ये मास्क लावून रांग, पेन्सिल घरून आणायची.

नेस्ताला सगळ्या निवडणुकांची कार्डं येतात. मला कौन्सिलचं येतं, कार्डिफचं येतं, लंडनच्या पार्लमेंटचं आजवर एकदाही आलं नाही. ब्रिटनने युरोपात राहायचं की बाहेर पडायचं, त्या मतदानाचंही आलं नव्हतं. कौन्सिलातला कारकून झोपाळू आहे, दुसरं काय. एकदा जाऊन त्याला झापणार होतो, पण नेमकं त्याच दिवशी आईस्क्रीमचं यंत्र बिघडलं, ते राहूनच गेलं.

इडवालला विचारलं, "तू काय केलं होतंस रे त्या वेळी? राहायचं की बाहेर?"

"मतदान गुप्त असतं," म्हणाला, आणि पाईत तोंड घातलं. कोळशाच्या खाणीत होता तेव्हापासून हा माणूस आपलं प्रत्येक मत रस्त्याच्या त्या टोकापर्यंत ऐकू जाईल असं सांगत आलाय. वय झालं बिचाऱ्याचं.

आभार: पाऊस मत देऊन घरी आल्यावर पडला.

१२ मे

ओदेते सकाळी कांदे चिरताना रडत होती. मला वाटलं कांदेच. पण कांदे संपले तरी थांबेना. ती पोर्तुगालच्या मदेइरा बेटावरची. सहा वर्षं आमच्या स्वयंपाकघरात आहे, आणि नेस्ताचा हात मोडल्यापासून तर सगळं तिच्याच जिवावर चाललंय. झालं असं, की ब्रिटन बाहेर पडल्यामुळे आता युरोपातून आलेल्यांनी इथे राहण्यासाठी ३० जूनच्या आत सरकारकडे अर्ज करायचा आहे. तिच्या नवऱ्याने केव्हाच केला. हिची समजूत, एका घराचा एकच अर्ज.

"आता मला हाकलतील, सेन्योर रेन्झो."

"कोण हाकलतंय? पाई कोण करणार मग?"

दुपारी तिला चॅपलच्या हॉलमध्ये घेऊन गेलो. तिथे बेथन बसते, वाचनालयातली, लोकांना अर्ज भरून देते. ओदेते दारातच थबकली. "इतकी वर्षं काम केलं, कर भरला, आणि आता राहू का म्हणून विचारायचं? लाज वाटते." मी म्हटलं, "माझ्या शेजारी बस. लाज वाटली की माझ्याकडे बघ, माझं नाक बघून हसू येईल." बसली. अर्ध्या तासात काम झालं.

परत येताना विचारलं तिने, "तुम्हाला नाही करावा लागत अर्ज?"

मला हसूच आलं. "मला? मी या खोऱ्यातला आहे, बाई." मग गंमत म्हणून सांगितलं. माझा जन्म तसा इटलीतल्या बार्दीच्या डोंगरातला. इथल्या सगळ्या इटालियन कॅफेवाल्यांची मुळं तिकडचीच. पहिलं बाळंतपण माहेरी झालं पाहिजे, हा आमच्या बायकांचा कायदा. तेव्हा सातव्या महिन्यात आई आजीकडे गेली, मी चाळीस दिवसांचा झालो तशी टोपलीत घालून परत घेऊन आली. लुइझाच्या वेळी कॅफे जोरात चालला होता, आईला सोडायला बाबा तयार नव्हते, म्हणून माझी बहीण या माडीवरच जन्मली. मी शाळेत गेलो इथे, चॅपलच्या गायकांत उभा राहिलो इथे, मार खाल्ला तोही इथेच.

ओदेते काहीतरी बोलणार होती, पण माझ्याकडे बघून गप्प बसली. फार भिडस्त बाई आहे.

२१ मे

ओदेतेला मंजुरी आली! स्वयंपाकघरात उड्या मारल्या तिने, एक बरणी फुटली. आज तिच्या गावचा मधाचा केक घेऊन आली, काळाभोर, सुरीला दाद देईना. सगळ्या गिऱ्हाइकांना वाटला. इडवालने दोन तुकडे खाल्ले, तिसरा रुमालात बांधला. "कशाबद्दल आहे हा?" त्याने विचारलं. मी सांगितलं. तो म्हणाला, "म्हणजे आपल्या ओदेतेलासुद्धा परवानगी लागते?" आणि कॉफी अर्धी टाकून उठला. फेस जास्त झाला असणार.

आभार: ओदेते राहिली. हे अगदी मनापासून.

१ जून

आज लिहावंसं वाटत नाही, पण नेस्ता समोर बसून आहे.

दुपारी बेथन आली. कॉफी मागितली, तिला हात लावला नाही. म्हणाली, "मिस्टर सोलारी, ओदेते सांगत होती, तुमचा जन्म इटलीतला."

"हो. त्याचं काय?"

"पासपोर्ट कुठला आहे तुमचा?"

"काढलाच नाही. ऑगस्टात सगळे बार्दीला जातात, मग आईस्क्रीम कोण विकणार? शिवाय मला बोट लागते. लग्नानंतर इथल्याच टेन्बीच्या समुद्रावर गेलो होतो, पासपोर्ट लागला नाही."

"मग ब्रिटिश नागरिकत्व कधी घेतलंत?"

"घ्यायचं काय त्यात? ते होतंच ना."

मी बोलत राहिलो. पेन्शन मिळते म्हटलं, कर भरतो म्हटलं, मत देतो म्हटलं. "कुठल्या निवडणुकीला?" तिने हळूच विचारलं. मी सांगितलं. तिने मान खाली घातली. ते कार्ड युरोपच्या नागरिकांनाही येतं म्हणे. लंडनचं मात्र येत नाही.

म्हणजे कारकून झोपाळू नव्हता. इतकी वर्षं त्याला माझ्याबद्दल बरोबर माहीत होतं, मलाच नव्हतं.

४ जून

बेथनने फोन करून खात्री केली. मी इटालियन. या खोऱ्यात एकाहत्तर वर्षं राहिलेला, एकदाही धड इटालियन न बोललेला इटालियन. ती म्हणते, इतक्या जुन्या माणसाला काही हक्क आपोआप असावा, पण तो दाखवायला माझ्याकडे कागद नाही. सगळ्यात भरवशाचं म्हणजे अर्ज करा, ३० तारखेच्या आत. नाही केला तर उद्या दवाखान्यात विचारतील, कॅफेच्या परवान्याच्या वेळी विचारतील, बाहेर गेलो तर परत येताना अडवतील.

लुइझाला फोन केला. ती आधी खो खो हसली, मग रडली. माझ्यापेक्षा चार वर्षांनी लहान, बोलते जास्त इटालियन, दर ऑगस्टला बार्दीत, आणि इथे जन्मली म्हणून पक्की ब्रिटिश. आई, दोन महिने थांबली असतीस तर काय बिघडलं असतं?

आभार: सुचत नाही.

९ जून

नेस्ताशी भांडलो. मी म्हटलं, अर्ज करणार नाही. माझ्याच घरात राहू का म्हणून मी कोणाला विचारणार नाही. बाबांनी इथे काउंटर बांधला, मी त्याच्याआड म्हातारा झालो. यायचं असेल तर या म्हणावं न्यायला.

"आणि खरंच आले तर?"

"तर नेतील."

"कुठे नेतील रे तुला? तिकडे तुला ओळखतं कोण? आणि मी काय करू, एका हाताने पाई विकू?" मग तिने प्लास्टरचा हात टेबलावर टेकला. "तुझा अभिमान तुझ्याजवळ. पण मी सकाळी उठून तुला शोधायचं नाही, एवढं माझं म्हणणं आहे."

मी मागच्या पायरीवरचं शेवाळ घासायला गेलो. बराच वेळ घासलं.

इडवाल आठवडाभर फिरकला नाही. कॉफीचे दर थोडे वाढवले, त्याचा राग असेल. एवढ्यासाठी माणूस रुसतो का?

१४ जून

ओदेते आज कामावरून जाताना कोट घालून दारात उभी राहिली. जातही नव्हती, बसतही नव्हती. मग एका दमात बोलली.

"सेन्योर रेन्झो, रागावा हवं तर. मला त्या दिवशी फार लाज वाटत होती. भीक मागतेय असं वाटत होतं. पण तुम्ही शेजारी बसलात, तेव्हा वाटलं, यांच्यासारखा इथला माणूस माझ्याबरोबर बसलाय, म्हणजे हे काही कमीपणाचं नाही. आता तुम्हीच म्हणताय की ते कमीपणाचं आहे. मग मी केलं ते काय होतं?"

तिला मी 'बस' म्हटलं होतं ते किती सहज. तिने विचारलं तर ठीक, मी विचारलं तर अपमान. असं माझ्या मनात होतं, आणि मला त्याचा पत्ताच नव्हता.

"उद्या हॉलमध्ये येशील माझ्याबरोबर?" मी विचारलं.

"येईन की. माझं नाक काही तुमच्याइतकं मोठं नाही, पण बघा, हसू आलं तर."

आभार: ओदेते. एका बाईने एवढं बोलायला किती धीर केला असेल. देवा, हिला सुखी ठेव.

१५ जून

गेलो. ओदेते डावीकडे, नेस्ता उजवीकडे. पासपोर्ट नसल्याने माझा अर्ज फोनवर होत नाही, कागदावर करावा लागतो. बार्दीहून जन्मदाखला मागवला, लुइझाने तिथल्या पंचायतीतल्या बाईला असं काही सुनावलं की चार दिवसांत पाठवते म्हणाली. आणखी एक हवं: लहानपणापासून मला ओळखणाऱ्या कोणीतरी लिहून द्यायचं, की हाच तो माणूस, आणि हा इथेच राहिलाय.

"आहे असं कोणी?" बेथनने विचारलं.

आहे. पण तो रुसलाय.

१८ जून

इडवालच्या घरी गेलो. भर दुपारी कॅफे ओदेतेवर सोपवून. दार उघडलं आणि त्याचं तोंड असं झालं जणू पोलीस आलेत.

"दर कमी करतो बाबा," मी म्हटलं, "पण ये."

"दराचं नाही रे."

"मग?"

त्याने खुर्ची पुढे सरकवली. मी माझी सगळी कहाणी सांगितली. त्याला माहीत होती, खोऱ्यात सगळ्यांना माहीत झालीये. पण तो मान खाली घालून ऐकत राहिला आणि मध्येच त्याने डोळे पुसले. इतका हळवा कधी झाला हा? मी म्हटलं, दोन ओळी लिहून दे.

त्याने दोन ओळी नाही, पान भरून लिहिलं. बसून, जीभ बाहेर काढून, शाळेत लिहायचा तसं. शेवटचं वाक्य असं: 'पाच वर्षांचा असताना मी शाळेत पहिल्यांदा गेलो तेव्हा रेन्झो सोलारी तिथे आधीच बसलेला होता, आणि बाकावर जागा त्याने मला दिली.' मला हे आठवतही नव्हतं.

"सोमवारी येतोस ना पाई खायला?"

"बघू," म्हणाला.

२८ जून

अर्ज टाकला. नेस्ताचं प्लास्टर निघालंय, पाकिटावर पत्ता तिने लिहिला, तिचं अक्षर चांगलं.

हा आठवडा काय गेला! बातमी पसरली की रेन्झो आईस्क्रीमला पुरावे लागतायत. मग जो येईल तो काहीतरी घेऊन येतोय. शाळेचा फोटो, गायकांच्या सहलीचा फोटो, कोणाच्या लग्नात मी केक कापताना. चॅपलच्या म्हातारीने एक वाटी आणून दिली, तिच्या नवऱ्याच्या आजारपणात मी त्यातून आईस्क्रीम पाठवायचो म्हणे, परत करायची राहून गेली. बेथन हात जोडत होती: "पुरे! सरकारला वाट्या नको आहेत!" पण कोणी ऐकेना. काउंटर भरून गेला, पाई ठेवायला जागा नाही.

मी आपला सगळ्यांना कॉफी देत होतो. डोळे भरून आले की यंत्राची वाफ सोडायची, म्हणजे कोणाला दिसत नाही. नेस्ताला दिसलं.

सगळे आले. इडवाल सोडून.

२० जुलै

अर्ज पोचल्याची पावती आली. निकाल लागेपर्यंत राहता येईल. नेस्ता म्हणाली आता वही ती घेईल. मी म्हटलं, राहू दे माझ्याकडे, सवय लागली. तिने दुसरी आणली.

११ नोव्हेंबर

आलं. कायमचं राहा म्हणाले.

टपालवाल्याने पाकीट हातात दिलं आणि हललाच नाही, मी फोडेपर्यंत थांबला. ओदेतेने वाचलं, मग नेस्ताने वाचलं, मग मी चष्मा शोधला. साधंच पत्र. मला वाटलं होतं ओरडेन, नाचेन. मी खुर्चीवर बसलो. नेस्ताने माझ्या डोक्यावर हात ठेवला, मोडलेला हात, आता बरा झालेला. "चल," म्हणाली, "गिऱ्हाइकं उभी आहेत."

आईची आठवण दिवसभर येत राहिली. तिला बोल लावला होता मी. चाळीस दिवसांचं पोर टोपलीत घेऊन एवढे डोंगर, एवढ्या आगगाड्या, ती मेली बोट. आणि पोर सगळा वेळ ओकत होतं. ती तिकडेच राहू शकली असती, तिची आई होती तिथे. पण आली मला घेऊन. आई, तुझे आभार मानायचे राहिले होते.

१३ नोव्हेंबर

आज इडवाल आला. टोपी हातात. आपल्या खुर्चीवर बसला नाही, काउंटरपाशी उभा राहिला. मी न विचारता पाई वाफेवर धरली.

"रेन्झ्या, तुला एक सांगायचंय. त्या मतदानात मी बाहेर पडायचं म्हणून मत दिलं होतं."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. मतदान गुप्त, अर्धी कॉफी, ते डोळे पुसणं. आणि मी दर कमी करायला निघालो होतो!

"आईशप्पथ सांगतो, तुझ्याबद्दल नव्हतं ते," तो म्हणाला. "तू आहेस असं माझ्या डोक्यातच आलं नाही. तू आपला आहेस. ते बाहेरून येतात ना, त्यांच्याबद्दल होतं."

"कोणाबद्दल?"

"म्हणजे… ते सगळे."

"इडवाल, या रस्त्यावर बाहेरून आलेली माणसं किती आहेत? एक मी. आणि दुसरी आत भांडी घासतेय."

आत पाण्याचा आवाज थांबला होता, म्हणजे ओदेते ऐकत होती. मला त्याला माफ करणं सोपं होतं, मी तर दारात त्याला बघूनच केलं होतं. पण हिशेब माझ्याशी नव्हताच. मलाही ते कळायला जून उजाडला होता, तेव्हा त्याला मी काय शिकवणार?

इडवालने टोपी काउंटरवर ठेवली आणि स्वयंपाकघराच्या दारात गेला. आत पाऊल टाकलं नाही.

"ओदेते," तो म्हणाला, "मला माफ कर. मी तुझ्याविरुद्ध मत दिलं होतं. तुझा केक खाताना मला ते कळलं."

ओदेतेने त्याच्याकडे नीट बघितलं. मला वाटलं, आता काय म्हणते कोण जाणे. रडते की ओरडते.

"तीन तुकडे नेलेत तुम्ही," ती म्हणाली. "एक तर रुमालात बांधून."

"हो."

"कळायला तीन लागले?"

"मी जरा मंद आहे. याला विचार."

ओदेते हसली नाही. पण खांद्यावरचं फडकं काढून तिने त्याच्यापुढे धरलं. "आलाच आहात तर बशा पुसा. नेस्ताबाईंचा हात अजून दुखतो."

तो आत गेला. मी पाई झाकून ठेवली. बाहेर गर्दी होती, मी एकटाच काउंटरवर, आणि आतून आवाज येत होता: "अहो, मागची बाजू पण पुसायची असते!" "खाणीत आम्हाला पुढचीच शिकवली होती." "मग परत पुसा."

सगळ्या बशा त्याने पुसल्या, वाईट पुसल्या. ओदेतेने प्रत्येक पुन्हा पुसली आणि त्याला जा म्हणाली नाही.